गुंडाळलेली वायर

“मग वाजवत कोण होतं, मास्तर?”

एज्रा मास्तर मिशन कंपाउंडातल्या आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. उभी हयात त्यांनी चर्चमध्ये पेटी वाजवली. पोरांचा बँड आला तशी पेटी वेदीमागच्या कपाटात गेली आणि मास्तर मागच्या बाकावर गेले. तक्रार त्यांनी कधी केली नाही.

“नीट सांग,” ते म्हणाले.

प्रसन्न उजागरे नीट सांगण्याच्या मनःस्थितीत नव्हता. पुण्याहून गिटार शिकून आलेला, बँडचा पुढारी. स्वतःविषयी शंका घेणं या गड्याच्या अंगवळणी नव्हतं. पेटीला कपाट दाखवणाराही हाच. आज मात्र त्याची मान खाली होती.

“गेल्या रविवारी स्तुतिगीत वाजवलं. अख्खी मंडळी उभी राहिली, लोक रडले. उपासना संपल्यावर गिटार ठेवायला वाकलो, तर... स्पीकरला जोडायची वायर पिशवीतच होती.”

“काढून ठेवली असशील.”

“घरून आणली तशी गुंडाळलेली होती. बांधलेली दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. वायरीशिवाय या गिटारचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही जात नाही, मास्तर.”

मास्तरांनी एक खडा टिपून ओट्याखाली टाकला.

“आणखी?”

“आई गायली.”

मास्तरांचा हात सुपातच थांबला.

प्रसन्नची धाकटी बहीण प्रिसिला तापात गेली तेव्हापासून त्याच्या आईने, सुलभाबाईंनी, गाणं टाकलं होतं. एके काळी त्यांच्या आवाजावर मंडळी गीत उचलायची. आता त्या चर्चला यायच्या, गीताचं पुस्तक उघडून धरायच्या, पण ओठ मिटलेले. आईच्या तोंडून पुन्हा एक ओळ यावी म्हणून प्रसन्नने काय काय करून पाहिलं! चाली बदलल्या, नवे स्पीकर आणवले. पुण्याला गेला तोही त्याचसाठी, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

“ती गायली, आणि ते मी केलेलंच नव्हतं.” प्रसन्न ओट्याच्या कडेवर टेकला. “घरी माझा हात हातात घेऊन बसली. म्हणाली, तुझ्या वाजवण्यानं मला पुन्हा गावंसं वाटलं... उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार, तो मी नव्हतो. आणि गिटार खाली ठेवणार.”

“खरं बोलायची एवढी घाई?”

“फुकटचं श्रेय मला नको.”

“हं...”

मास्तर उठले. खुंटीवरची चर्चची किल्ली घेतली.

“चल. गिटार घे. वायर राहू दे.”

शनिवारची दुपार होती. वीज सकाळपासून गेलेली. आत पंखे थांबलेले, स्पीकरचे दिवे विझलेले. मास्तर आधी वेदीमागे गेले आणि कपाट उघडून त्यांनी पेटीचा भाता पुढे ओढला. कातडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेलं होतं.

“ठेवून ठेवून फाटला असेल,” प्रसन्न म्हणाला. त्याला जरा लाजही वाटली.

“तुझ्या बाप्तिस्म्याला वाजवली, तेव्हाही असाच होता.”

मास्तरांनी कपाट लावलं आणि ते पहिल्या बाकावर जाऊन बसले.

“वाजव.”

त्याने सुरुवात केली. नुसती तारांची किरकिर. स्वतःचीच ती किरकिर ऐकून त्याला हायसं वाटलं. म्हणजे सगळं ठीक होतं. रविवारी आपल्यालाच काहीतरी भास झाला असणार.

मग स्पीकरमधून सूर आला.

आधी हळू, मग भरून. तेच गीत, पण प्रसन्नला कधी साधलं नव्हतं इतकं सावकाश. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. पळावंसं वाटलं, पण बोटं तारांवर चालतच राहिली.

दारात पावलं वाजली.

आई होती. शनिवारी बाकं पुसायला ती यायचीच. हातातल्या ओल्या फडक्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं... आणि गायला लागली.

आवाज गंजलेला, मधेच तुटणारा. तरी ती गात होती, बाकांना धरत धरत पुढे येत होती. तिची नजर प्रसन्नच्या बोटांवर होती.

त्याने हात तारांवरून उचलला.

सूर थांबला नाही.

त्याने गिटारकडे पाहिलं. तारा हलत नव्हत्या. पण छातीला टेकलेलं लाकूड आतून घुमत होतं, आणि ते कोमट होतं. आई अर्ध्या वाटेवर थबकली. तिचा आवाज डगमगला, नजर त्याच्या मोकळ्या हातावर आली.

“मास्तर,” तो कुजबुजला, “मी थांबलोय.”

“दिसतंय.”

“तिला सांगतो...”

मास्तर उठले. त्यांनी त्याचा हात धरला आणि पुन्हा तारांवर ठेवला.

“हात हलवत राहा, बाळा. ती तुझ्याकडे बघून गातेय.”