साळूबाईचे उत्तर

नदीकाठच्या एका नगरात पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताला गुण होता, पण त्याहून मोठा गुण त्यांच्या कानाला होता, असे लोक म्हणत. रोगी बोलू लागला की ते मध्ये शब्द टाकीत नसत. त्यांच्यापाशी अकरा वर्षे शिकलेला हैबती नावाचा एक शिष्य होता. नाडी पाहावी तर हैबतीने, असे खुद्द गुरूच सांगत.

हैबतीची आई साळूबाई ही दोन डोंगरांपलीकडल्या एका वाडीची सुईण. नवरा गेला तेव्हा पोर सहा वर्षांचे होते. तेव्हापासून आसपासच्या पाच-सात वाड्यांत जन्मलेले प्रत्येक मूल प्रथम तिच्याच ओंजळीत आले. भर पावसात कुणी दाराशी येऊन "साळूमावशी, चला" म्हटले, की चुलीवरचे तसेच टाकून ती निघे. परतताना तिची पावले पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली असत. ती पावले पाहूनच हैबतीने लहानपणी मनाशी ठरवले होते, की एक दिवस आईला या दगदगीतून सोडवायचे.

तो दिवस आला. नगरात त्याचा जम बसला, दोन खोल्यांचे घर झाले आणि तो आईला घेऊन आला. तिला त्याने कशालाही हात लावू दिला नाही. पाणी भरायला एक बाई, दळायला दुसरी.

"आई, तू आता फक्त बस," तो म्हणे.

साळूबाई बसली आणि वर्षभरात वाळत गेली. जेवण दोन घासांवर आले. पहाटे उठून ती ओसरीवर येई आणि डोंगरांकडे तोंड करून राही. रस्त्यात कुणी हाक मारली की ती दचकून उठे, पदर सावरी, पायरीपर्यंत जाई. हाक शेजारच्या घरासाठी होती हे कळले, की मुकाट्याने परत येऊन बसे. हैबतीने येत होते तेवढे सगळे उपाय केले. अवलेह झाले, चूर्णे झाली, तळपायांना तूप चोळून झाले. कशाचाही गुण येईना, तेव्हा तो तिला गुरूंकडे घेऊन आला.

गुरूंनी तिला समोर बसवले. "साळूबाई, झोप कशी लागते?"

"रात्री तिसऱ्या प्रहरी जाग येते, गुरुजी," हैबती म्हणाला. "पित्ताचा प्रकोप असावा."

गुरू उठले, आत गेले, आणि किराइताचा कडू काढा वाटीत घेऊन बाहेर आले. ती वाटी त्यांनी हैबतीच्या हाती दिली.

"पी."

"मी?"

"तूच. आणि उद्या पुन्हा या."

हैबतीला काही उमगले नाही. पण शब्द गुरूंचा होता. त्याने डोळे मिटून काढा घेतला.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी विचारले, "भूक लागते का, साळूबाई?"

"कसली भूक, गुरुजी! मी समोर बसून आग्रह केला तर दोन घास," हैबतीच म्हणाला.

पुन्हा वाटी आली. तीही हैबतीच्याच हाती. औषधे कुटणारी मुले एकमेकांकडे पाहून हसली.

तिसऱ्या दिवशी प्रश्न निराळा होता. "साळूबाई, मनात काय येतं?"

"मनात काय येणार?" हैबती घाईने म्हणाला. "तिला इथं कशाची कमी नाही. मी काही कमी पडू दिलेलं नाही."

या वेळी वाटी नव्हती, पेला होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. आधीच्या दोन दिवसांचा कडूपणा जिभेवरून उतरला नव्हता. हैबतीने पेला ओठांशी नेला, आणि तेवढ्यात साळूबाई कडाडली:

"अहो वैद्यबाबा, हे काय चालवलंय? दुखणं माझं आणि औषध माझ्या लेकाला?"

आपलाच आवाज ऐकून ती चपापली. कित्येक महिन्यांत तो इतका चढला नव्हता.

गुरूंनी हैबतीच्या हातून पेला काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मग ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. "दुखणं तुमचं ना? मग सांगा, कुठं दुखतं?"

हैबतीने तोंड उघडले. गुरूंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने ते मिटले.

बराच वेळ गेला. साळूबाई लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत राहिली. कुणाच्याही उत्तरासाठी आपण कधी इतके थांबलो नाही, हे हैबतीला प्रथमच जाणवले.

"आमच्या वाडीत तान्ही म्हणून पोर आहे," ती अखेर म्हणाली. "ती पायाळू. तिला मी या हातांनी बाहेर काढली होती. मी इकडं यायला निघाले, तेव्हा तिला नुकते दिवस गेले होते. माझा हात धरून म्हणाली, 'मावशी, माझ्या वेळेला तूच हवीस.' मी हो म्हणाले. चैत्रात तिचा माणूस दोन डोंगर उतरून आला. मी आत होते. सगळं ऐकलं. यानं दारातूनच सांगितलं, 'आई थकलीय, तिच्यानं होणार नाही.' माणूस पाणीसुद्धा न पिता परत गेला. मी थकले होते का, हे मला कुणी विचारलंच नाही, बाबा."

"आई, मग तू तेव्हा बोलली का नाहीस?" हैबतीने विचारले.

"इतक्या मायेनं बोलत होतास. त्यावर काय बोलू?"

"आणि तान्हीचं काय झालं?"

"कोण जाणे. मला विचारायची लाज वाटते."

साळूबाई अंगणात जाऊन बसली. हैबतीने गुरूंचे पाय धरले. गुरू म्हणाले, "जो उत्तर देतो, तो रोगी, अशी माझी समजूत. म्हणून औषध तुला दिलं. बाळ, तू आईचं ओझं उचललंस, हे चांगलं केलंस. पण ओझ्याबरोबर तिची वाटही उचलून घरात आणून ठेवलीस. माणसाला सुख देता येतं, हैबती. त्याचं सुख कशात आहे, हे मात्र त्यालाच विचारावं लागतं. आणि विचारून थांबावं लागतं."

"पण गुरुजी, तिचं वय झालंय. रानवाट आहे, नाले आहेत. मला भीती वाटते."

"वाटणारच. ती भीती तुझी आहे, तूच जवळ ठेव. तिच्या पायात बांधू नकोस."

त्या संध्याकाळी घरी हैबतीने आईला विचारले, "आई, तुला काय हवं?" आणि तो थांबला. चार दिवस वाडीला जाऊन यावे, असे ती म्हणेल, ही त्याची आशा होती.

"मला वाडीला जायचंय," साळूबाई म्हणाली. "राहायला."

"मग मी इथं एकटा?"

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "बारा वर्षांचा होतास, वैद्यकी शिकायला जातो म्हणालास. मला दुसरं कोण होतं? तरी ज्वारीची भाकरी बांधून दिली आणि खिंडीपर्यंत पोचवायला आले. पुढं कित्येक दिवस घरात ताट वाढताना दोनच वाढत होते रे. पण तुला 'थांब' म्हणाले नाही."

हैबतीने मान खाली घातली. त्याला ती सकाळ आठवत होती. खिंडीतून त्याने मागे वळून पाहिले होते, तेव्हा आई हसत होती. ती हसत होती, एवढेच त्याने इतकी वर्षे धरून ठेवले होते.

दोन दिवसांनी तो तिला वाडीत सोडायला गेला. पहिल्या चढावर त्याने आधाराला हात पुढे केला. तिने तो धरला नाही. दुसऱ्या चढावर ती त्याच्या पुढे होती. वाडीच्या तोंडाशी तान्ही उभी होती, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. साळूबाईला पाहून तिने ना पायांना हात लावला, ना ती हसली. "दोन दिवस अडले होते मी, मावशी," एवढेच म्हणाली. मग तिने मूल साळूबाईच्या ओटीत घातले आणि तिच्या खांद्यावर डोके टेकून हमसून हमसून रडली. हैबती बाजूला उभा होता.

पुढे पौषात कामातून एक दिवस काढून तो आईला भेटायला गेला. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "काल दुपारीच गेली, पलीकडच्या वाडीला. पहिलटकरीण आहे. आज येईल नाहीतर परवा, काही सांगता येत नाही."

हैबती आईच्या ओट्यावर बसला. ऊन अंगणातून सरकत कुडाच्या भिंतीवर गेले. कुठे पाऊल वाजले की तो मान वर करी. आई नगरात असताना ओसरीवर कशी बसत असेल, हे त्या दिवशी त्याला आतून कळले. पलीकडच्या वाडीला जाऊन तिला गाठावे, असे फार वाटले. पण तिथे ती कामात होती, आणि नगरात त्याचेही रोगी खोळंबले होते. उन्हे कलली तसा तो उठला.

"आईला काही निरोप ठेवायचा का, दादा?" शेजारणीने विचारले.

निरोप पुष्कळ होते. थंडीत कान झाक. उतारावर काठी घे. वेळेवर जेव. रात्रीबेरात्री एकटी जाऊ नकोस. ते सगळे त्याच्या ओठांपर्यंत आले.

"सांगा, मी आलो होतो," तो म्हणाला, आणि डोंगराच्या वाटेला लागला.