कांडीला बिलगलेली साय

अणुभट्टी पहिल्यांदा चालू झाली, तेव्हाची ही गोष्ट. पोटात धग घेऊन उभ्या असलेल्या इंधनाच्या कांड्यांच्या मधल्या फटींतून त्यांना गार करणारं पाणी वर धावत होतं. एका कांडीला मात्र पाण्याचा पातळ थर बिलगून राहिला, दुधावर साय धरावी तसा.

"आई, फार उकडतंय गं," कांडी त्या सायीला म्हणाली.

साय आणखी घट्ट बिलगली, तरी कांडी तापतच गेली. तिच्या अंगावरचं कवच तडकलं तर सगळं संपलं, हे सायीला ठाऊक होतं. आपलं चुकतंय काय, तेच कळेना.

कांड्यांना धरून ठेवणाऱ्या जाळीची एक वाकडी पट्टी खालून म्हणाली, "बाई, जरा सरका. गार पाणी तुमच्यामागे ताटकळलंय."

"मी सरकले तर हिला कोण बघेल? आणि आधी तू स्वतः सरळ हो."

"सरळ असते तर पाणी वळवलं कसं असतं?"

तेवढ्यात पंपाचा जोर वाढला. पट्टीवर आपटून पाण्यानं गिरकी घेतली, साय सुटून प्रवाहात ओढली गेली आणि तिच्या जागी गार पाणी शिरलं.

"आई, आता बरं वाटतंय," कांडी म्हणाली.

हे ती नव्या पाण्याला म्हणाली की आपल्याला, ते सायीला समजेना. तिच्या स्वतःच्या अंगाची मात्र लाही होत होती. कांडीची इतक्या वेळची धग ती सोबत घेऊनच निघाली होती.

वर आणखी एक जाळी आली. साय कांडीला क्षणभर टेकली आणि कुणी सांगायच्या आत सरकली. बरोबर केलं ना, असं विचारायला तिनं खाली पाहिलं, पण पट्टी केव्हाच मागे पडली होती.