घाटापलीकडचं डबकं

घाटापलीकडे, आमच्या माळावर, एक डबकं होतं. लहानपणी आम्ही त्यात पानाच्या होड्या सोडायचो. त्या डबक्याची मला अजून आठवण येते.

डबक्यात राहायची टिमी बेडकी. तिचा होता एक धाकटा भाऊ. त्याला पाय नव्हते, नुसती शेपटी. तो उडी मारणार कशी?

एकदा काय झालं, पाऊस आलाच नाही. डबकं आटलं. ओंजळभर पाणी उरलं.

"ताई, मला पाणी," भाऊ म्हणाला.

"आणते हं," टिमी म्हणाली.

टुणुक टुणुक टुणुक. टिमी गेली डोंगराकडे.

"डोंगरा, डोंगरा, पाणी दे. डबकं भरेना."

डोंगर म्हणाला, "ढग चढेल तर देईन."

टुणुक टुणुक टुणुक. टिमी डोंगर ओलांडून गेली ढगाकडे. ढग खाली बसला होता, चांगला लठ्ठ.

"ढगा, ढगा, वर चढ. डोंगर देईना, डबकं भरेना."

ढग म्हणाला, "वारा ढकलेल तर चढेन."

टुणुक टुणुक टुणुक. टिमी गेली वाऱ्याकडे. वारा माडाखाली झोपला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ढगाला ढकल. ढग चढेना, डोंगर देईना, डबकं भरेना."

वारा म्हणाला, "समुद्र उठवेल तर ढकलेन."

टुणुक टुणुक टुणुक. टिमी गेली समुद्राकडे. समुद्र रुसला होता.

"समुद्रा, समुद्रा, वाऱ्याला उठव. वारा ढकलेना, ढग चढेना, डोंगर देईना, डबकं भरेना."

समुद्र म्हणाला, "पुनवेचा नारळ मिळेल तर उठवेन."

टुणुक टुणुक टुणुक. टिमी गेली चांगुणामावशीकडे. मावशी कोळीण. नारळ घेऊन दारात बसली होती. बाहेर पाऊस, धो धो धो.

"मावशी, मावशी, नारळ दे. समुद्र उठवेना, वारा ढकलेना, ढग चढेना, डोंगर देईना, डबकं भरेना."

मावशी म्हणाली, "नाय गो बाय. इथं पाऊस थांबत नाय. होडी दर्यात जात नाय. पाऊस गेला का देईन नारळ."

"मावशी, तोच पाऊस मला दे ना."

मावशी बघतच राहिली. मग खुदकन हसली. "अगो, तूच रहा ना इथं. पाणीच पाणी हाय."

"माझा भाऊ तिकडे आहे," टिमी म्हणाली.

मावशी उठली. भिजत भिजत काठावर गेली.

डुबुक. नारळ गेला समुद्रात. समुद्राने वाऱ्याला उठवलं. वाऱ्याने ढगाला ढकललं, सूं सूं सूं. ढग डोंगर चढला, हुश्श हुश्श हुश्श. चढता चढता बरंच पाणी सांडत गेला, वेडा कुठला. मावशीच्या दारात ऊन पडलं.

टुणुक टुणुक टुणुक. टिमी पुढे, ढग मागे. माळावर पोचेपर्यंत ढगात थोडंच पाणी उरलं होतं.

टप. टप. टप. डबक्याला तेवढं पुरलं. भाऊ पोहला, सुळ्ळकन.

"ताई, तिकडे खूप पाणी होतं?"

"खूप होतं रे. पण तू नव्हतास."