माळेवाडीचं मैदान

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. तिथं लहानमोठी आठ गावं होती आणि आठही गावांना एकच वेड होतं, पायचेंडूचं. सुगी संपली की सामने सुरू व्हायचे. प्रत्येक संघानं प्रत्येक गावात जाऊन खेळायचं, अशी रीत होती. गाव थोर असो की लहान, रीत सगळ्यांना सारखी.

फक्त माळेवाडीत कधी सामना झाला नव्हता. वाडी उतारावर वसलेली, सपाट जागाच नाही. तिथले गडी दरवर्षी दुसऱ्यांच्या मैदानात खेळायचे, बहुतेक वेळा हरायचे आणि चेंडू काखेत धरून डोंगर चढून घरी यायचे.

त्या वाडीत रघोबा नावाचा पाथरवट होता. त्याचा मुलगा सुभान खाली थोरगाव नावाच्या मोठ्या गावात लोहाराच्या भट्टीवर कामाला गेला आणि तिथल्या संघात खेळू लागला. बघता बघता सगळ्या खोऱ्यात त्याचं नाव झालं. रघोबाचे गुडघे गेलेले, त्याला डोंगर उतरवत नसे. लोक खालून आले की सांगायचे, "रघोबाकाका, काय पळतो तुमचा सुभान!" रघोबा हसायचा. मग बायकोला म्हणायचा, "गोजरा, एकदा या डोळ्यांनी बघायला मिळावं गं."

एक दिवस त्यानं छिन्नी-हातोडा घेतला आणि उतारावर बसून खडक फोडायला लागला. लोक आधी हसले. मग दोघं-चौघं मदतीला आले, मग सगळी वाडी आली. बायकांनी पाट्या भरभरून माती वाहिली. कित्येक उन्हाळे गेले आणि उतारावर एक मैदान उभं राहिलं. खेळाचा कारभार बघणारे मोठे पंच ते बघायला आले. त्यांनी पायानं माती दाबून पाहिली आणि म्हणाले, "झकास! यंदाचा पहिला सामना इथंच. थोरगाव येईल."

रघोबाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण सुगी संपायच्या आत तीन मोठ्या गावांचे पाटील एकत्र बसले. थोरगावचे पाटील म्हणाले, "वाड्या-वाड्यांत जाऊन धूळ कशाला खायची? आपण तिघंच आपापसांत खेळू. हरलो तरी कुठलं लहान गाव आपल्या वर चढणार नाही." बाकीच्या दोघांनी मान हलवली. खेळाडूंना कुणी विचारलं नाही, गावाला तर नाहीच.

सुभान पाटलांकडे गेला. "पाटील, माळेवाडीचा एक सामना तेवढा होऊ द्या. माझा बा वाट बघतोय."

"आता मोठ्यांत खेळायचंय तुला," पाटील म्हणाले. "मोठ्यासारखा वाग."

सुभानचं पोट थोरगावच्या भट्टीवर होतं. तो भट्टीवर परत गेला.

निरोप माळेवाडीला पोचला.  तरी रघोबा रोज संध्याकाळी काठी टेकत मैदानावर जायचा आणि धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडायचा. त्या हिवाळ्यात तो आजारी पडला. त्यानं खाट दारात आणायला लावली, तिथून मैदान दिसायचं. खालच्या वाटेवर जरा पावलं वाजली की विचारायचा, "कोण आलं?" असं विचारता विचारताच तो गेला.

इकडे तीन गावांचा खेळ रंगेना. तेच संघ, तेच चेहरे. थोरगावचे लोकच म्हणू लागले, "हा सामना परवाच बघितला की!" हलगी वाजवणाऱ्यांनी हलग्या खाली ठेवल्या. माणसं उठून लहान गावांचे सामने बघायला जाऊ लागली. शेवटी मैदानात खेळणारेच तेवढे उरले, तेव्हा तिन्ही पाटील मान खाली घालून मोठ्या पंचांकडे आले. "चुकलो. परत घ्या."

सभा भरली. एक जण ओरडला, "हाकलून द्या! पुन्हा या खोऱ्यात चेंडूला पाय लावू देऊ नका!" दुसरा म्हणाला, "आलेत ना परत? मग सोडा आता." मोठे पंच स्वतः संतापलेले होते. हाकलून द्यायचं, असंच त्यांच्या मनात होतं. पण निकाल द्यायच्या आधी ते माळेवाडीला गेले, कारण सगळ्यात मोठा अपमान तिचा झाला होता.

ते पोचले तेव्हा गोजरा मैदानावर पाणी शिंपडत होती.

"बाई, इथं तर थोरगाव खेळायला आलंच नाही," पंच म्हणाले.

"येतील म्हणून शिंपते," गोजरा म्हणाली.

"मी त्यांना कायमचं बाहेर काढणार आहे."

गोजरानं कळशी खाली ठेवली. "मग थोरगाव कसं येणार इथं? माफ करा असं मी म्हणत नाही, पंच. माझा माणूस वाट बघत गेला. पण ठरवलं तिघांनी, आणि घालवून देणार माझ्या पोराला? आमच्या दारातला खेळ त्यांनी एकदा नेला. आता तुम्ही नेऊ नका."

पंच त्या रिकाम्या मैदानावरून एक फेरी मारून डोंगर उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. "हे तीन पाटलांनी ठरवलं, म्हणून खेळाच्या कारभारात त्यांना यापुढे जागा नाही. तिन्ही संघ खेळतील, पण यंदा कितीही जिंकले तरी मानाची ढाल त्यांना मिळणार नाही. आणि वर्षभर त्यांच्या गावात सामना होणार नाही. त्यांनी वाड्यांमध्ये जाऊन खेळायचं. पहिला सामना माळेवाडीत. थोरगावकरांनो, तुमची चूक नसताना तुम्हाला चालावं लागेल. तेवढं सोसा."

"चालू की!" गर्दीतला एक हलगीवाला म्हणाला. "खेळ तर बघायला मिळेल."

सामन्याच्या दिवशी सगळं थोरगाव डोंगर चढून वर आलं. सुभान मैदानात उतरला आणि वाकून त्यानं माती कपाळाला लावली. मग त्याची नजर घराच्या दाराकडे गेली. दारात खाट नव्हती. तो तसाच उभा राहिला, तेव्हा माळेवाडीच्याच एका गड्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल रे. खेळ."

थोरगावचे पाटीलही आले होते. त्यांना आता मानाची बैठक नव्हती. गर्दीतून वाट काढत ते गोजरापाशी आले.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "मी काय केलं म्हणजे हे भरून येईल?"

"हे भरून येत नाही, भाऊ," गोजरा म्हणाली. थोडी सरकून तिनं घोंगडीवर जागा केली. "बसा. माझा सुभान खेळतोय, तो बघा."

पाटील बसले. समोर सुभान चेंडू घेऊन पळत होता, आणि पाटलांना पुढचं नीट दिसेना.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: शिक्षा ज्यानं चूक केली त्यालाच लागावी, ज्यांनी आधीच सोसलं, त्यांच्या दारातला आनंद तिनं पुन्हा हिरावू नये.