मोर म्हणाला, "होऊन जाईल!"

सागाच्या एका जंगलात एक अस्वल मधाचे दुकान चालवत असे. दुकान कसले, एक जुने झाड आणि त्याखाली बसलेले अस्वल. झाडावरच्या मधमाश्यांशी त्याचे ठरलेले होते. अस्वलाने झाडाची राखण करायची आणि वरच्या फांदीवरचा मध विकायचा. खालच्या फांदीवरच्या पोळ्यात माश्यांची पिल्ले वाढत, त्याला मात्र हात लावायचा नाही. सगळे सुखाने चालले होते. पण मुलांनो, जंगलात मोबाईल आले आणि ऑर्डरी फोनवर येऊ लागल्या. सांबराचा मध साळिंदराकडे जाई, साळिंदर तोंड पुसून गप्प बसे. शेवटी अस्वलाने ठरवले, दुकानासाठी सॉफ्टवेअर बाहेरून करून घ्यायचे.

पलीकडच्या जंगलातला मोर आला. त्याची मोठी कंपनी होती म्हणे. आल्या आल्या त्याने पिसारा फुलवला. अस्वल म्हणाले, "फोनवर आलेली ऑर्डर नीट नोंदली गेली पाहिजे." मोर म्हणाला, "होऊन जाईल, शेठ!" "आणि मुख्य म्हणजे, वरचा मध संपला की ऑर्डर घेणं आपोआप थांबलं पाहिजे." "होऊन जाईल!" शेजारच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. आता शेजारी बोलणे चालले असताना कान बंद थोडेच करता येतात? ती म्हणाली, "अस्वलदादा, तुमच्या कामात मी चोच खुपसत नाही हं. पण हा पाहुणा एकदाही विचारत नाही, की मध येतो कुठून!" अस्वल म्हणाले, "साळुंकीताई, मोठी कंपनी आहे ती. त्यांना सगळं कळतं."

सॉफ्टवेअर आले. पडद्यावर पिसे उघडत, मिटत. जो तो बघायला येई. पण एक दिवस वरचा मध संपला आणि ऑर्डरी काही थांबेनात. प्राणी भांडी घेऊन झाडाखाली. "ऑर्डर घेतलीत ना? मग काढा मध!" रानडुक्कर ओरडले. अस्वल इतके गोंधळले, की त्याने खालच्या फांदीकडे पंजा नेला. सगळे झाड घोंघावू लागले. राणीमाशी पुढे येऊन म्हणाली, "दादा, हात मागे घ्या. पिल्लांच्या पोळ्याला ओरखडा जरी पडला, तरी आम्ही डोंगरावर निघून जाऊ. पुन्हा या झाडावर येणार नाही." अस्वलाचा पंजा तिथेच थांबला. माश्या गेल्या तर दुकान गेले, आणि इतक्या वर्षांची सोबतही. सगळ्यांसमोर हात जोडून त्याने गिऱ्हाइकांना परत पाठवले आणि मोराला बोलावले. मोर म्हणाला, "मी पोपटाला सांगितलं होतं. पोपटाने वाळवीला सांगितलं. काम तर वाळवीच करते. तिने तुमचं झाड कुठं पाहिलंय?" साळुंकीला राहवले नाही. "म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! जेवायला बसलं ते बिचारं अस्वल!"

मोराला निरोप देऊन अस्वलाने नवी चौकशी सुरू केली. आता जो कोणी येई, त्याला ते एकच विचारी, "काम हाताने कोण करणार? मला त्याला भेटायचंय." बरेचसे तिथूनच उडून गेले. एक सुतारपक्षी मात्र म्हणाला, "मीच करणार. हाताखाली दोघं आहेत, त्यांनाही उद्या आणतो." आणि त्याने ठोकायला सुरुवात केली. झाडावर नव्हे हो, अस्वलावर! मध मोजतो कोण? ऑर्डर रद्द झाली तर? पावसात मध कमी उतरतो, तेव्हा काय करता? अस्वल वैतागले, "अरे, तू काम करायला आलास की माझी परीक्षा घ्यायला?" सुतारपक्षी हसला आणि तेच प्रश्न घेऊन राणीमाशीकडे गेला. तो परत आल्यावर अस्वल हळूच म्हणाले, "खालच्या पोळ्यातला मधही पडद्यावर दिसू दे. अडीअडचणीला बरा." सुतारपक्षी म्हणाला, "ते मी करणार नाही. दिसला की विकला जाईल." अस्वल जरा हिरमुसले, पण रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "तुझंच खरं." मग सुतारपक्ष्याने आधी थोडेसेच काम केले, ते एकट्या साळिंदराला वापरायला दिले, त्यात निघालेल्या चुका दुरुस्त केल्या आणि मगच पुढचे हाती घेतले. पिसेबिसे काही नव्हती. पण मध संपला, की सगळ्यांच्या फोनवर दिसे, "आज मध संपला." रानडुक्कर घरच्या घरी जरा कुरकुर करी आणि कंदमुळे खाऊन झोपे. अस्वलही दुपारची डुलकी घेऊ लागले. त्या हंगामात माश्यांनी वरच्या फांदीवर आणखी एक पोळे धरले.

तात्पर्य : आपले काम दुसऱ्याच्या हाती द्यायचे, तर पिसारा पाहू नये, जो स्वतः काम करणार त्याला भेटावे, आणि जो आधी विचारतो व वेळ आली की "नाही" म्हणतो, त्यालाच ते द्यावे.