बंद पेटी आणि हिरवा मळा

एकदा एका गावाला नवा पाटकरी निवडायचा होता. बंधाऱ्याच्या पाटाचे पाणी कोणाच्या शेतात, किती वेळ सोडायचे, हे त्या गावी पाटकऱ्याच्या हाती असे. त्यामुळे राज्य कोणाचे आहे याची लोकांना फारशी फिकीर नव्हती. पाटकरी कोण, याची होती.

निवडीच्या आदल्या दिवशी तिथे ‘दारउघडी’ होई. उभ्या राहिलेल्या माणसाने घराचे दार सताड उघडे ठेवायचे आणि गावाने चुलीपासून गोठ्यापर्यंत फिरून यायचे. फार पूर्वी एका पाटकऱ्याने परसातून चोरटी चारी खणून गावाचे पाणी आपल्या शेतात वळवले होते, म्हणून ही रीत पडली. पुढे चारी विस्मरणात गेली. घर बघणे तेवढे राहिले.

त्या वर्षी दोघे उभे होते. पाटाच्या तोंडाशी राहणारे एक शेटजी आणि पाटाच्या शेवटी राहणाऱ्या सगुणाबाई. सगुणाबाई विधवा, मोजके बोलणाऱ्या. शेवटच्या टोकाच्या शेतांपर्यंत पाणी येता येता नुसता ओलावा उरे, म्हणून त्या शेतकऱ्यांची सारी भिस्त त्यांच्यावर होती. देखरेखीला गावातले वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य. शिष्याच्या आईचे शेतही त्याच टोकाला होते.

शेटजींनी भिंतींना नवा चुना दिला होता. “या, या. आपलं काही लपलेलं नाही. ती पेटी बघितली का? तीही बघा.” लोकांनी सात पेट्या पाहिल्या, देवघर पाहिले, शेटजींची औषधे हुंगली, गूळपाणी घेतले आणि प्रसन्न झाले. गुरुजी मात्र घरात शिरलेच नाहीत. परसाच्या कुंपणाशी उभे राहून त्यांनी विचारले, “पलीकडचा एवढा हिरवा मळा कुणाचा, शेटजी?”

“मेहुण्यांचा. ते कुठं उभे आहेत, गुरुजी?”

लोक हसले. म्हाताऱ्याला घर दाखवावे, तर हा कुंपण बघतो.

मग सगळे सगुणाबाईंकडे आले. कोणी पातेली उलटी करून बुडे पाहिली, कोणी लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडला. नव्या सुनेचे सामान पाहताना जे कौतुक असते, आणि त्या कौतुकाच्या आत जे असते, ते दोन्ही त्या घरात फिरत होते. कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती, कुलूप घातलेली.

“यात काय आहे?”

“माझं आहे.”

“अहो, पण काय?”

“माझं.”

एकाने कुलपाला हात घातला. तेव्हा गुरुजी पुढे झाले आणि सावकाश त्या पेटीवर बसले.

“उठा की, गुरुजी.”

“पाट या पेटीतून जात नाही,” गुरुजी म्हणाले आणि बसून राहिले.

शिष्य त्यांच्या कानाशी वाकला. “उठा ना. एकदा बघितलं की तोंडं बंद होतील.” गुरुजी हलले नाहीत. सगुणाबाई चुलीकडे बघत उभ्या होत्या. अंगणातून कोणी म्हणाले, “एवढं दडपून बसायचं, म्हणजे असणार काहीतरी.”

दुपारपर्यंत त्या पेटीत कोणा परक्याची पत्रे होती. तिसऱ्या प्रहरी मंतरलेली बाहुली आली. दिवेलागणीला त्यात काय होते, ते बायका एकमेकींच्या कानातच सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी लोकांनी मडक्यांत खडे टाकले. शेटजींचे मडके भरून सांडले. सगुणाबाईंच्या मडक्याचा तळही झाकला नाही. टोकाकडच्यांनीसुद्धा आपले खडे शेटजींकडे फिरवले होते.

उन्हाळा आला. मेहुण्यांचा मळा हिरवागार राहिला आणि शेवटच्या टोकाची पिके उभी वाळली. शिष्याच्या आईने विळा न लावताच गुरे शेतात सोडली. शिष्य गुरुजींकडे आला.

“त्या पेटीत काय होतं, तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“मग बसलात कशाला? उठला असता तर त्या निवडून आल्या असत्या.”

गुरुजी म्हणाले, “बाळ, ज्याच्या हाती पाट द्यायचा, त्याचे पाटाशी जोडलेले सगळे गावाने पाहायला हवे. मेहुण्याचा मळा तर आधी. पाटाशी ज्याचा संबंध नाही, ते त्या माणसाचे. मग ते पेटीत असो की पोटात. हे मला तेव्हाही कळत होते. पण ही रेघ मी कधी ओढली? एक बाई अडचणीत आली तेव्हा. म्हणून ती तिच्यासाठी ओढल्यासारखी दिसली. कोण उभे राहणार हे ठरण्याआधीच ती ओढायला हवी होती. इतकी वर्षे देखरेख केली, पण ते माझ्याच्याने झाले नाही. चूक तिथे आहे, बसण्यात नाही.”

परतताना शिष्य टोकाच्या शेतांवरून गेला. वाळलेल्या धाटांत दोन शेतकरी उभे होते. शेटजींचे नाव निघेल म्हणून तो थबकला. एक दुसऱ्याला विचारत होता, “पण काय असेल रे त्या पेटीत?”

पुढे सगुणाबाईंचे घर आले. त्या ओट्यावर धान्य निवडत होत्या. “बस, पाणी घे,” त्या म्हणाल्या. उघड्या दारातून पेटी दिसत होती. शिष्याच्या ओठांवर तोच प्रश्न आला. तो त्याने पाण्याबरोबर गिळला. पण गिळावा लागला, हे त्याच्या ध्यानात राहिले.