शिसपेन्सिलीची रेघ

सोमवार, सकाळचे साडेदहा. परभणीतलं इनामदारबाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

"आणि घंटी?" बाईंनी विचारलं.

"कुठली घंटी, बाई?"

"प्रोसेसर तापला की वाजते ती."

सुदेश दांडगेनं खुर्ची पुढे ओढली. "ती मीच बंद केली. टायपिंगवाल्या पोरी दचकायच्या."

परीक्षाकेंद्राला मशीनच्या वेगाची अट होती. सुदेश ज्या टायपिंग संस्थेची मशीन सांभाळायचा, तिथल्या अठरा मशीनमधले स्वस्तातले प्रोसेसर त्या अटीला पुरत नव्हते. सुदेशनं सेटिंग बदलून ते ताणले, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवले, आणि आकडा कागदावर बसवला. मे महिन्यात, टायपिंगच्या परीक्षेत, अकराव्या मिनिटाला अठराही मशीन बंद पडली.

संस्था म्हणाली, वीज गेली. वीजवाले म्हणाले, गेलीच नाही. उद्या परीक्षा मंडळाला लेखी खुलासा द्यायचा होता आणि सुदेशला त्यावर बाईंची सही हवी होती. प्रोसेसर मुळातच सदोष होते, एवढं एकच वाक्य.

"जिल्ह्यात तुमच्या शब्दापुढे कोण जातंय?" तो म्हणाला. "आणि ताणायला शिकवलं कुणी? आयटीआयच्या वर्गात तुम्हीच ना?"

बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

शिकवलं होतं. तेव्हाच्या एका स्वस्त प्रोसेसरच्या पाठीवरचे ठिपके शिसपेन्सिलीनं जोडले की वेगाचं कुलूप उघडायचं. पुढे कंपन्यांनी ठिपके गाडले, कुलूप आत नेलं, मग काही प्रोसेसरांना ते लावायचंच सोडून दिलं. पण ती पहिली रेघ... अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. सुदेशनं सर्वांत जोरात.

"रेघ ओढायला शिकवली," बाई हळूच म्हणाल्या. "खोडायची राहिली."

त्यांनी कागद घेतला, त्याला हवं तेच वाक्य लिहिलं, खाली सही केली.

"बाई... शिसपेन्सिलीनं?"

बाईंनी कागदाशेजारी खोडरबर ठेवलं. मग खणातून दुसरा कागद काढला. निकालपत्र. गोदावरी सरोदे, अनुत्तीर्ण.

"सकाळी येऊन गेली. विचारत होती, माझं बोट कुठं चुकलं?"

सुदेशचे कान तापले. बाईंकडे बघवेना. त्यानं खोडरबर उचललं, वाक्य खोडलं. मग सही खोडली. कागद जवळजवळ कोरा झाला.

बाईंनी निकालपत्र त्याच्यापुढे सरकवलं.

"आता हे."

"बाई, हे छापलेलं आहे..."

"अशा अठरा जणी आहेत, सुदेश."